दत्तारामने टाकी सुकी ठेवली होती

माझी लबाडी चेहऱ्यावरून कळते, असं माझी बायको म्हणते. कळत नाही. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण गेली तीन वर्षं मी तिच्यासमोर बसून जेवतो, चहा पितो, बातम्या बघतो, आणि एक गोष्ट पोटात धरून बसलोय. तिला पत्ता नाही. मुलीला नाही. क्लबात तर कुणालाच नाही. तोंड उघडतोय ते आज, तुमच्यासमोर – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा जमेल.

गोष्ट गवत कापायच्या मशीनची आहे. हसलात ना? हसा. साठी उलटलेला माणूस कबुली द्यायला बसतो आणि निघतं काय, तर गवताचं मशीन. मीही बरेच दिवस स्वतःला हेच सांगत होतो – अरे, मशीन ते, त्यात एवढं काय? पण मशीन दुरुस्त झालं. पंधरा दिवसांत झालं. माणसाचं काय झालं, ते सांगायचंय.

दादर आणि परळच्या मधे, गल्लीबोळात, आमचा एक जुना क्लब आहे. नाव सांगत नाही. एक छोटं मैदान, कडेला हिरवळ, एक कॅरमची खोली, एक पत्र्याची शेड. सभासद म्हणजे आमच्यासारखेच – बँकेतून, विमा कचेरीतून, महापालिकेतून निवृत्त झालेले, सकाळी शिवाजी पार्काला फेऱ्या मारून नंतर इथे येऊन जगाला अक्कल शिकवणारे. मी तिथला सचिव. पगार नाही, पण मान असतो. आणि मानाचं मला भारी वेड, हे आधीच सांगून टाकतो.

मैदान सांभाळायचा दत्ताराम. मूळचा मालवणकडचा, वडील लालबागच्या गिरणीत, हा नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेला. गिरणी गेली तेव्हा हा आमच्या मैदानावर आला आणि मग इथलाच झाला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा असेल. पण मी त्याला ‘अरे दत्ताराम’ म्हणायचो आणि तो मला ‘सायब’. इतक्या वर्षांत आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही – निदान मला तरी.

आमच्याकडचं मशीन पेट्रोलवर चालणारं. चार चाकं, दांडा, इंजिन, दोरी ओढून चालू करायचं. पावसाळ्यात मैदानात चिखल होतो, चाकं रुततात, म्हणून मे संपता संपता ते शेडमध्ये जायचं. मग चार महिने दत्ताराम कडेकडेचं गवत विळ्याने काढायचा. मशीन बाहेर यायचं ते थेट दसऱ्याला. त्या दिवशी ते धुऊनपुसून मैदानाच्या मधोमध ठेवायचं, झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. सगळ्यांत म्हाताऱ्या सभासदाने दोरी ओढायची आणि दत्तारामने मशीन फिरवून मैदानाला एक फेरी घालायची. मग पेढे. लोकांकडे दसऱ्याला गाड्यांची पूजा होते, आमच्याकडे त्या मशीनची. ते पहिल्या ओढीला सुरू झालं की टाळ्या पडायच्या, वर्ष चांगलं जाणार म्हणून.

मशीन आत ठेवायची दत्तारामची एक पद्धत होती. टाकीतलं पेट्रोल सगळं कॅनमध्ये काढायचं. मग मशीन चालू करायचं आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरमधला शेवटचा थेंबही जळून जातो. मग टाकी फडक्याने पुसायची, आणि मला बोलवायचं. झाकण उघडून दाखवायचा. मी आत डोकावायचो, मान हलवायचो, तो झाकण लावायचा. दर वर्षी. मला हा सगळा सोपस्कार वाटायचा. आज वाटतं, तो साक्षीदार ठेवत होता. गरीब माणसाला ते करावं लागतं, आणि हे मला सचिव असून कळलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, आत डोकावून झाल्यावर मी त्याला म्हटलं, टाकी रिकामी ठेवू नये, गंज धरते. भरून ठेवावी. मी पस्तीस वर्षं स्कूटर चालवलीय. स्कूटर आडवी करून, चोक ओढून, प्लग पुसून मोठा झालेला माणूस मी. पावसाळ्यात गाडी उभी करायची तर टाकी काठोकाठ भरायची, हे आमच्या पिढीला कुणी शिकवावं लागत नव्हतं. चार सभासद शेजारी चहा पीत होते, त्यांच्यादेखत बोललो.

दत्ताराम फडकं पिळत म्हणाला, “सायब, ता जुन्या पेट्रोलाचा. ह्या नव्याचा काय खरा नाय. टाकीत रवला की कुसता. पाणी धरता.”

कुसतं म्हणजे कुजतं. पेट्रोल कुजतं! चहा पिणारे हसले. ते त्याला हसले की मला, हे मला नीट कळलं नाही, आणि न कळल्यामुळेच ते मला लागलं. त्यावर तो कॅन माझ्यापुढे ठेवून म्हणाला की हे पेट्रोल तुमच्या स्कूटरीत घाला आणि वापरून टाका, ठेवू नका. मी म्हटलं, क्लबचं पेट्रोल मी माझ्या गाडीत घालू? मी तसल्यातला नाही. हे जरा मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कॅन शेडच्या कोपऱ्यात ठेवून त्याने कुलूप लावलं.

इथपर्यंत सांगणं सोपं होतं. आता – थांबा, चहा घेऊन येतो, असं म्हणून उठावंसं वाटतंय. नाही उठत.

पंधरवड्याने असेल, मी ताडपत्री शोधायला शेडमध्ये गेलो. कुलपाच्या दोनच किल्ल्या – एक दत्तारामच्या करगोट्याला, एक माझ्याकडे. ताडपत्री मिळाली. मशीन समोरच होतं. झाकण उघडलं, आत कोरडाठाक पत्रा, आणि एका बाजूला लालसर डाग. गंज! मला झालेला आनंद तुम्हाला कसा सांगू? मी बरोबर होतो. कोपऱ्यातला कॅन उचलला आणि सगळंच्या सगळं पेट्रोल टाकीत परत ओतलं, काठोकाठ. झाकण लावलं. हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला आणि घरी आलो.

मी हे कुणाला सांगितलं नाही. का, माहितीय? मला दसऱ्याची वाट बघायची होती. मशीन पहिल्या ओढीला सुरू झालं की मी सगळ्यांसमोर सांगणार होतो – काय दत्ताराम, चार महिने टाकी भरलेली होती बरं का. वाक्यसुद्धा ठरलेलं होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात ना, तसा मी चार महिने पिवळा होऊन फिरत होतो.

दसरा आला. हार घातला, नारळ फोडला. आमच्या थोरल्या सभासदांनी दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. मग उपाध्यक्ष वसंतराव पुढे झाले, मग आणखी दोघं. मशीन नुसतं खोकत होतं. शेवटी दत्ताराम आला, त्याने प्लग काढून पुसला, परत ओढली, आणि मग, काही सुचेना म्हणून, टाकीचं झाकण उघडलं.

तो आत बघत राहिला. मी त्याच्याकडे बघत होतो, त्यामुळे मला नेमकं दिसलं – त्याचा चेहरा आधी गोंधळला. टाकी भरलेली कशी? मग त्याने मान वर केली आणि लोकांकडे बघितलं. माझ्याकडे नाही. लोकांकडे.

वसंतरावांनी पाण्याची रिकामी बाटली मागवली आणि टाकीतलं थोडं तिच्यात उतरवून घेतलं. बाटली उन्हात धरली. वर पिवळसर पेट्रोल, आणि खाली वेगळा थर – पांढुरका, पाण्यासारखा. स्वच्छ रेघ दिसत होती मधे. सगळ्यांनी बघितली. कुणीतरी म्हणालं, पाणी आहे. मग कुणीतरी, मला आवाज आठवतो पण नाव घेत नाही, म्हणालं, पेट्रोल काढून विकलं आणि पाणी भरलं, दुसरं काय.

झालं. एवढंच लागतं. दत्ताराम दोनदा म्हणाला की टाकी सुकी होती. पण टाकी तर डोळ्यांसमोर भरलेली होती. कोण ऐकणार? पेढ्यांचा पुडा तसाच राहिला, आणि रविवारी कमिटी बसवायची ठरली.

त्या क्षणी मी का बोललो नाही? खरं सांगतो – त्या क्षणी मी घाबरलोही नव्हतो. मी चक्रावलो होतो. मी तर पेट्रोल ओतलं होतं, पाणी नाही. क्षणभर मलाही वाटलं की कॅनमध्येच त्याने पाणी घातलं असेल. बघा, मन कसं काम करतं. स्वतःच्या हाताने टाकी भरलेला माणूस, आणि संशय दुसऱ्यावर.

पण हा आडोसा चारच दिवस टिकला. मशीन दुरुस्तीला नेणं सचिवाचं काम. टेंपोत घालून ते मी लालबागला एका मेकॅनिककडे नेलं. तरुण माणूस, हात काळे, तोंडात बडीशेप. त्याने कार्बोरेटर खोलून माझ्यापुढे धरला. आतलं पितळ हिरवं पडलेलं, जेटचं बारीक भोक चोंदलेलं, रबराची नळी फुगून मऊ झालेली. मी बाटली दाखवली आणि म्हटलं, यात पाणी मिसळलंय कुणीतरी.

त्याने बूच काढून वास घेतला. “काका, मिसळलेलं नाय कोणी. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं ना, ते हवेतलं पाणी खेचतं. आपल्याकडे पावसात हवा कसली ओली. टाकीच्या झाकणाला भोक असतं, तिथून आत जातं. जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही पेट्रोल सोडून खाली बसतात. गाडी रोज चालते, म्हणून तिला फरक पडत नाय. ही असली मशीनं पावसाळाभर उभी ठेवायची तर टाकी सुकी करायची. भरून कोणी ठेवली?”

मी म्हटलं, माळ्याने.

हे मी म्हटलं. त्याने विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं. तिथे वसंतराव नव्हते, कमिटी नव्हती, माझी अब्रू जाणार नव्हती. त्या मेकॅनिकला ना मी ठाऊक होतो ना दत्ताराम. तरी मी खोटं बोललो. या सबंध प्रकरणात मला स्वतःची सगळ्यांत जास्त किळस कधी येते, तर ही जागा आठवली की. तो म्हणाला, सांगा त्याला, पुढच्या वेळी सुकी ठेव. मी बरं म्हटलं.

म्हणजे रविवारी मी कमिटीत बसलो तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा. पाणी कुणी घातलं नव्हतं, चोरी झालीच नव्हती, दत्तारामचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं, आणि ते ठाऊक असलेला त्या खोलीत मी एकटा होतो.

कॅरमची खोली, मधे टेबल, सहा-सात जण; मे महिन्यात चहा पीत हसलेल्यांपैकी त्यांत कुणी नव्हतं. दत्ताराम दाराशी उभा. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. वसंतराव तसे वाईट नाहीत. ते म्हणाले, हे बघ, पोलिसांपर्यंत न्यायचं नाही आम्हाला, तू कबूल कर आणि मोकळा हो.

दत्ताराम म्हणाला, “चोरी केलंय नाय, तर कबूल काय करू? टाकी मी सुकी करून ठेवलेली. सायबांनी बघितल्यानी. इचारा त्यांका.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तोही बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती – आता संपलंच, असा भाव होता. दर वर्षी झाकण उघडून दाखवायचा तो याच दिवसासाठी ना? त्याचा साक्षीदार समोर खुर्चीवर बसला होता.

मी चष्मा काढला. पुसला. परत घातला. आणि म्हणालो – “दर वर्षी दाखवतो हे खरं. यंदा बघितल्याचं मला नक्की आठवत नाही.”

हाच तो गुन्हा. स्कूटरवाल्याचा शहाणपणा, टाकी भरणं, ती सगळी चूक होती. चूक माणसाकडून होते. हे वाक्य मी निवडून, तोलून बोललो. खोटंही धड नाही. ‘बघितली नाही’ म्हणालो असतो तर निदान सरळ खोटं झालं असतं. मी ‘नक्की आठवत नाही’ म्हणालो, म्हणजे उद्या अंगाशी आलं तर वाट मोकळी. आयुष्यभर कचेरीत टिपणं लिहिली, तो सगळा अनुभव त्या एका वाक्यात उतरला होता.

दत्ताराम माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं. कसं कळलं ते मला दिसलं – त्याचा हात करगोट्याकडे गेला, किल्लीवर. शेडला दोनच किल्ल्या. त्याने भरली नाही, तर भरली कुणी, हा हिशेब त्याने तिथे उभ्या उभ्या केला. आता बोलेल, असं मला वाटलं. त्याने नुसतं विचारायचं होतं की दुसरी किल्ली कुणाकडे असते. एवढं एक वाक्य. कमिटीतलं कुणी ते विचारत नव्हतं, कारण सचिवावर संशय घ्यायची आमच्यात रीत नाही.

किल्ली सोडवून त्याने टेबलावर ठेवली – माझ्यासमोर, वसंतरावांसमोर नाही. मग म्हणाला, “मी येत नाय उद्यापासून.” आणि गेला. आपणहून सोडलं, असं कमिटीने लिहून घेतलं. ते मीच लिहिलं, माझ्याच अक्षरात.

तो का गप्प राहिला? मी खूप विचार केला. माझ्यावर दया? भीती? की असल्या माणसाच्या तोंडाला काय लागायचं, म्हणून? मला तिसरं खरं वाटतं, पण त्याला विचारलेलं नाही. त्याची चाळ पुनर्विकासात गेली, लोक कुठे कुठे भाड्याने पांगले. शोधला असता तर सापडला असता. मुंबईत माणूस हरवत नाही, आपण शोधत नाही. एकदा नायगावच्या नाक्यापर्यंत गेलो होतो. पत्र्याच्या कुंपणापाशी उभा राहिलो, उसाचा रस प्यालो आणि बसने परत आलो.

पुढल्या उन्हाळ्यात परळच्या एका टॉवरमधून क्लबात फोन आला. बागेसाठी माणूस हवा होता आणि दत्तारामने आमचं नाव सांगितलं होतं. विचार करा – तरीही त्याने आमचंच नाव सांगितलं, कारण सांगायला दुसरं होतं काय? सारं आयुष्य तर इथे गेलेलं. फोन वसंतरावांनी घेतला. मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होतो. ते म्हणाले, कामाला एक नंबर, हात चांगला आहे, फक्त पेट्रोलजवळ ठेवू नका. आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मी पेपरचं पान उलटलं. त्याला ते काम मिळालं नाही, असं नंतर कानावर आलं. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणतात. आमच्याकडे चोर नुसता सुटला नाही, तो अजून सचिव आहे.

तुम्ही म्हणाल, मग आता सांगून टाका की कमिटीत. म्हणाल ना? मीही स्वतःला म्हणतो. दर रविवारी म्हणतो. आणि दर रविवारी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवतो आणि खाली बसतो. वाटायचं, लोक विसरतील. लोक विसरले की गोष्ट आपोआप मिटेल, मग सांगायचं कारणच उरणार नाही. तीन वर्षं झाली, नवे सभासद आले, क्लबात आता विजेवर चालणारं मशीन घ्यायचं चाललंय.

पण लोक विसरले नाहीत. गेल्या महिन्यात क्लबच्या फाटकाशी एका नव्या सभासदाची मोटरसायकल सुरू होत नव्हती. तिशीतला मुलगा, वर्षही झालं नसेल त्याला येऊन. त्याचा मित्र, तोही नवीनच, कट्ट्यावरून ओरडला, “काय रे, दत्ताराम भरलास काय टाकीत?”

दोघांनीही दत्तारामला कधी पाहिलेलं नाही. तो माणूस होता हे तरी त्यांना ठाऊक आहे का, मला शंका आहे. आमच्याकडे भेसळीच्या पेट्रोलला आता दत्ताराम म्हणतात. कट्ट्यावरचे सगळे हसले. मोटरसायकलवाल्याने हसत हसत माझ्याकडे बघितलं, ज्येष्ठ माणूस उभा आहे म्हणून, आणि मीही हसलो.